वळण, पतन आणि चार सेकंद

कथा-कादंबऱ्यांच्या टीकाकारांनीं ज्या दोषावर आजवर सर्वांत अधिक कोरडे ओढले असतील, तो दोष म्हणजे योगायोग. नायक आगगाडीच्या डब्यांत शिरतो आणि समोरच्या बाकावर नेमकी नायिकाच बसलेली असते. मृत्युपत्र हरवतें आणि तें नेमकें खलपुरुषाच्याच हातीं लागतें. असें कांहीं आलें कीं आम्ही समासांत खूण करितों आणि लेखकाची रचनाशक्ति दुबळी ठरवितों. परंतु प्रत्यक्ष जगांत अशी घटना घडते तेव्हां तिच्याबद्दल जाब विचारावयास लेखक सांपडत नाहीं; मग आपण 'दैव' हा शब्द पुढें करितों आणि मोकळे होतों. या एका शब्दाखालीं किती गोष्टी झांकल्या जातात, हें पाहण्याकरितां आम्ही आज एक निराळें उदाहरण घेतलें आहे. तें पुस्तकांतलें नाहीं, रंगभूमीवरचेंही नाहीं. तें फ्रान्समधील एका डांबरी रस्त्याच्या वळणावरचें आहे.

वाङ्मयाच्या मासिकांत सायकलीच्या शर्यतीचें काय काम, असें कित्येक वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, अनेक दिवस चालणारी शर्यत ही मूळचीच एक कथा असते. पुरुषांची टूर द फ्रान्स १९०३ सालीं सुरू झाली ती एका वृत्तपत्रानें आपला खप वाढावा म्हणून. म्हणजे ती जन्मली तीच मुळीं वाचकांसाठीं. स्त्रियांना मात्र या कथेंत स्थान मिळण्यास फार काळ लागला. १९८४ सालीं त्यांची स्वतंत्र टूर झाली व अमेरिकेच्या मारिआन मार्टिन हिनें ती जिंकली. पण १९८९ नंतर ती त्या रूपांत टिकली नाहीं. पुढें निरनिराळ्या नांवांनीं प्रयत्न झाले व बंद पडले. आणि २०२२ सालीं 'टूर द फ्रान्स फाम' या नांवानें ती पुन्हां उभी राहिली. जें पान उघडण्यास इतकीं वर्षें लागलीं, तें निदान नीट वाचलें जावें, एवढीच आमची इच्छा आहे.

प्रथम घटना सांगतों. या शर्यतीचा नियम साधा आहे. रोजच्या टप्प्यास लागलेला वेळ मोजून त्याची बेरीज करीत जावयाची. जिची बेरीज सर्वांत कमी, तिनें पिवळी जर्सी घालावयाची. टप्प्याच्या शेवटीं पहिल्या तिघींना अनुक्रमें १०, ६ व ४ सेकंदांची सूट मिळते. २०२४ ची शर्यत १२ ऑगस्टला रॉटरडॅम येथें सुरू झाली. टप्पे आठ, मार्ग सुमारें ९५० किलोमीटरांचा, आणि १८ ऑगस्टला आल्प द्युएझच्या माथ्यावर शेवट. २०२३ ची विजेती, नेदरलँड्सची डेमी व्होलरिंग, हिनें तिसऱ्या टप्प्यांत पिवळी जर्सी मिळविली; चौथ्या टप्प्याच्या अखेरीस पोलंडच्या काशा न्येव्यादोमाहून ती ३४ सेकंदांनीं पुढें होती. १५ ऑगस्टचा पांचवा टप्पा बेल्जममधील बास्तोन्यहून निघून फ्रान्समधील आमनेविल येथें संपावयाचा होता. शेवट सुमारें ६ किलोमीटरांवर आला असतां एका वळणावर घोळक्यांतील अनेक जणी एकदम आडव्या झाल्या, आणि त्यांत पिवळी जर्सीही होती. व्होलरिंग कमरेवर आपटली. कांहीं वेळ ती रस्त्यावरच बसून राहिली. मग उठली, सायकलीवर चढली आणि शेवटपर्यंत गेली. तिचें माकडहाड मोडलें होतें, हें शर्यत संपल्यावर जगास कळलें. त्या दिवशीं न्येव्यादोमाच्या मागून १ मिनिट ४७ सेकंदांनीं ती पोंचली. न्येव्यादोमा टप्प्यांत दुसरी आली असल्यामुळें तिला ६ सेकंदांची सूट मिळाली, आणि एका सायंकाळींच ३४ सेकंदांची आघाडी जाऊन १ मिनिट १९ सेकंदांची पिछाडी झाली.

या घटनेचें निवेदन जगभर ज्या एका सुरांत झालें, तो सूर 'दुर्दैव' हा होता. आमचा पहिला आक्षेप या शब्दावर आहे. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली, तर त्यास आपले जुने पंडित काकतालीय न्याय म्हणत. परंतु वळणावर सायकल घसरते, ती गोष्ट या जातीची नव्हे. सायकलस्वार वळतांना आंत झुकतो. किती झुकावें हें वेग आणि वळणाची त्रिज्या ठरविते. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटर वेगानें जाणारास सुमारें २७ अंशांनीं झुकावें लागतें. तेंच वळण ताशी ५४ किलोमीटर वेगानें घेऊं म्हणेल त्यास सुमारें ४९ अंशांनीं झुकावें लागेल, आणि तितकें झुकणें बोटभर रुंदीच्या टायरला सपाट रस्त्यावर झेपणारें नव्हे. वेग दीडपट केला कीं बाजूस फेंकणारा जोर सव्वादोनपट होतो. हिशेबांत दयामाया नाहीं. आतां यांत घोळका मिसळा. पुढच्या सायकलीच्या आडोशानें वारा कमी लागतो म्हणून प्रत्येक जण पुढच्या चाकाशीं चाक भिडवून चालते. तिला रस्ता दिसत नाहीं, पुढचीची पाठ दिसते. वळणाआधीं पहिलीनें ब्रेक किंचित् दाबला कीं विसावीला तो करकचून दाबावा लागतो. शेवट जवळ आला म्हणजे प्रत्येकीला पुढेंच असावें लागतें, कारण मागें राहण्यांत धोका अधिक असतो. आणि सगळ्याच पुढें येऊं लागल्या म्हणजे पुढें असण्यांतही धोका येतो. तात्पर्य, असें वळण हें दैवाचें स्थान नसून कारणांच्या संगमाचें स्थान आहे. कोणती पडेल हें सांगतां येत नाहीं; पण कोणीतरी पडेल हें पुष्कळदां सांगतां येतें. कादंबरीच्या परिभाषेंत बोलावयाचें तर ही घटना बाहेरून आणून चिकटविलेली नाहीं. ती संविधानकाच्या पोटांतूनच निघालेली आहे.

दुसरा आक्षेप याहून कडक आहे. स्त्रियांच्या शर्यतींत कोणी पडल्या कीं एक वर्ग तत्काळ पुढें येऊन म्हणतो कीं, बायकांना सायकल सांभाळतां येत नाहीं. या वर्गास आम्ही त्याच वर्षाचें एक दुसरें वळण दाखवितों. ४ एप्रिल २०२४ रोजीं स्पेनच्या बास्क प्रांतांतील पुरुषांच्या शर्यतींत, उतारावरील एका वळणावर योनास विंगेगार, रेमको एवेनेपूल आणि प्रिमोझ रोग्लिच हे त्या काळचे तीन अग्रगण्य वीर एकाच घोळक्यांत पडले. विंगेगारचें गळ्याजवळचें हाड व फांसळ्या मोडल्या आणि फुप्फुसास इजा झाली. त्याआधीं २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिक शर्यतींत विस्ता चिनेझाच्या उतारावर पुरुषांच्या शर्यतींत व्हिन्सेंझो निबाली आघाडीवर असतां पडला. दुसऱ्या दिवशीं त्याच उतारावर नेदरलँड्सची आनेमीक फान फ्लूटेन एकटी पुढें असतां एका वळणावर पडली, तिच्या कण्यास तीन ठिकाणीं तडे गेले. पुरुष पडला तेव्हां लोकांनीं रस्त्याविषयीं व वेगाविषयीं विचारलें. स्त्री पडते तेव्हां तिच्या जातीविषयीं विचारतात. उतार तोच, ओल तीच, चाकें त्याच मापाचीं. मग कारण मात्र दोन कां असावींत? ज्या टीकेची फूटपट्टी पात्र पाहून लांब-आंखूड होते, ती टीका नव्हे.

आतां न्याय-अन्यायाच्या प्रश्नाकडे वळूं. आमच्या वाचकांस येथें कर्णाच्या रथाचें चाक आठवल्यावांचून राहणार नाहीं. चाक भूमींत रुतलें, कर्ण खालीं उतरला आणि अर्जुनास म्हणाला, धर्म आठव व क्षणभर थांब. अर्जुन थांबला नाहीं. आणि महाभारतकारांनीं त्या बाणाचा सल वाचकाच्या मनांतून आजतागायत निघूं दिला नाहीं. सायकलीच्या शर्यतींतही असा एक अलिखित धर्म आहे कीं, पिवळी जर्सी पडली असतां प्रतिस्पर्ध्यांनीं तिच्या पडण्याचा लाभ उठवूं नये. यावरून कित्येकांनीं न्येव्यादोमास अर्जुनाच्या जागीं उभें केलें. हें आम्हांस मान्य नाहीं. तो अलिखित धर्म टप्प्याच्या मध्यावरचा आहे. शेवट ६ किलोमीटरांवर आला असतां, विजयासाठीं सगळ्या जीव तोडून धांवत असतां, तो लागू होत नाहीं. लिखित नियमानेंही सपाट टप्प्यांत सामान्यतः शेवटच्या ३ किलोमीटरांत पडलेल्यास घोळक्याचा वेळ देतात. आमनेविलचें वळण त्या रेषेच्या बाहेर होतें. न्येव्यादोमानें पडलेलीवर बाण सोडला नाहीं. ती केवळ जात होती तशी जात राहिली. खरा अवघड प्रश्न व्होलरिंगच्या स्वतःच्या संघाचा आहे, कारण त्या दिवशींचा टप्पा तिच्याच संघाच्या ब्लांका वाश हिनें जिंकला. संघाचें कर्तव्य हातीं आलेला विजय घेणें, कीं मागें राहिलेल्या नायिकेस सोबत करणें? दोन्ही कर्तव्यें खरीं आहेत, आणि ज्या प्रसंगीं दोन खरीं कर्तव्यें समोरासमोर येतात, तो प्रसंग निवाड्यापेक्षां चिंतनाला अधिक योग्य असतो. त्यांत एखादीस खलनायिका करणें, हें कच्च्या नाटककाराचें काम होय.

आतां शेवटचा अंक. १८ ऑगस्टच्या सकाळीं न्येव्यादोमा १ मिनिट १५ सेकंदांनीं पुढें होती. वाटेंत १,९२४ मीटर उंचीचा ग्लांदोंचा घाट होता आणि अखेर आल्प द्युएझचा चढ, जवळजवळ १४ किलोमीटरांचा व २१ वळणांचा. व्होलरिंगनें शेवट दूर असतांनाच ग्लांदोंवर हल्ला केला. तिच्याबरोबर तिच्याच देशाची, पण दुसऱ्या संघाची पाउलीना रॉइयाकर्स तेवढी टिकली. न्येव्यादोमा मागें पडली. मोडक्या हाडानें एक जण चढत होती, आणि ढळत्या शक्तीनें दुसरी अंतर राखीत होती. दोघी एकमेकींस दिसत नव्हत्या, मध्यें केवळ घड्याळ होतें. व्होलरिंगनें टप्पा जिंकला. मग तिनें वाट पाहिली. १ मिनिट १ सेकंदानें न्येव्यादोमा आली. १ मिनिट १५ सेकंदांतून हे ६१ सेकंद गेले, विजयाच्या सुटीचे १० गेले. उरले ४ सेकंद. चोवीस तासांहून अधिक चाललेल्या शर्यतीचा निकाल चार सेकंदांनीं लागला. पुरुषांच्या टूरमधील सर्वांत लहान अंतर १९८९ सालचें, ८ सेकंदांचें आहे. हें त्याच्याही निम्मे.

यावर बहुतेक निवेदकांनीं एकच वाक्य म्हटलें: ती वळणावर पडली नसती तर जिंकली असती. वाक्य अंकगणितानें बरोबर दिसतें, आणि तें नाकारण्याचा आमचा हेतु नाहीं; ४ सेकंदांपुढें १०७ सेकंद हा आंकडा फार मोठा आहे. परंतु टीकाकार या नात्यानें आम्हांस त्यांत दोन दोष दिसतात. पहिला दोष असा कीं, तें बेरजेंतील एकच रक्कम पाहतें. त्याच आमनेविल येथें न्येव्यादोमानें दुसरा क्रमांक मिळवून ६ सेकंद कमावले होते. त्या दिवशीं ती आघाडीच्या घोळक्यांत निवांत चौथी आली असती, तर शेवटीं व्होलरिंगच २ सेकंदांनीं विजयी ठरली असती. म्हणजे पतनानें जितका निकाल घडविला, तितकाच त्या शेवटच्या दोनशें पावलांच्या धांवेनेंही घडविला. मात्र पतन दिसतें, आणि दुसऱ्या क्रमांकासाठीं केलेली धडपड कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. २०२२ व २०२३ या दोन्ही वर्षीं तिसरी आलेल्या या स्त्रीनें सेकंदांची किंमत काय असते हें शिकण्यास पुष्कळ काळ दिला होता.

दुसरा दोष अधिक खोल आहे. कथेंतील एक घटना काढून घेतली असतां बाकीच्या घटना आपापल्या जागीं तशाच उभ्या राहतील, असें तें वाक्य गृहीत धरतें. 'शाकुंतलां'तून दुर्वासाचा शाप काढा; दुष्यंत-शकुंतला सुखानें नांदतील खरे, पण मग पांचव्या अंकांतील ती तेजस्वी शकुंतला कोठून येणार? शिवाय तो शापही आकाशांतून पडलेला नाहीं; पतीच्या चिंतनांत ती इतकी बुडाली होती कीं दारीं आलेला ऋषि तिला दिसला नाहीं. जें तिचें प्रेम, तेंच तिच्या आपत्तीचें द्वार. व्होलरिंगही पडली ती पिवळी जर्सी राखण्यासाठीं जेथें असणें भाग होतें तेथें असल्यामुळें. आणि ती पडली नसती, तर ३४ सेकंदांची आघाडी सांभाळीत ती शेवटच्या दिवशीं सावधपणें चढली असती; ग्लांदोंवरचा तो हल्ला, तो एकाकी दीर्घ प्रयास कदाचित् झालाच नसता. तिला केवळ दैवहत ठरविणारे सहानुभूतीच्या भरांत तिचें सर्वांत मोठें कर्तृत्वच तिच्या हातून काढून घेतात. आणि त्याच वाक्यानें न्येव्यादोमाचें यश उसनें ठरवितात. एका वाक्यांत दोघींवर अन्याय करणारें निवेदन, कितीही करुण असलें तरी, चांगलें निवेदन नव्हे.

आमच्या प्राचीन नाट्यशास्त्रकारांनीं कथावस्तूचे पांच संधि सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. फलप्राप्तीवर मोठें संकट येतें तें विमर्शांत; त्यानंतरही निर्वहण शिल्लक असतें. आमनेविलचें वळण हा या कथेचा विमर्श होय. ज्यांनीं तेथेंच पडदा पाडला, त्यांनीं उत्तरार्ध वाचलाच नाहीं. फान फ्लूटेनच्या कथेचाही तोच प्रकार. रिओच्या वळणावर ती निपचित पडलेली दिसली, तेव्हां कित्येकांस तो तिचा शेवट वाटला. ती २०२२ सालीं नव्या टूरची पहिली विजेती झाली.

येथवर आम्ही पतनास नाट्य म्हणून पाहिलें. परंतु असें पाहण्यासही एक मर्यादा आहे, आणि ती सांगितल्यावांचून हा लेख संपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. त्याच २०२४ सालच्या सप्टेंबरांत झूरिक येथील जागतिक स्पर्धेंत, कनिष्ठ गटाच्या मुलींच्या शर्यतींत, स्वित्झर्लंडची म्यूरिएल फुरर जंगलांतून जाणाऱ्या ओल्या उतारावर पडली. ती रस्त्याबाहेर गेल्यामुळें बराच वेळ कोणाच्या ध्यानांतही आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती वारली; तिचें वय १८ होतें. येथें संधि नाहीं, निर्वहण नाहीं, रसचर्चेस जागा नाहीं. येथें टीकाकारानें लेखणी खालीं ठेवून एवढेंच विचारावें कीं, पडलेली मुलगी कोठें आहे हें कळण्याची सोय कां नव्हती? २०२५ सालीं किगाली येथील जागतिक स्पर्धेंत स्वारांचें स्थान कळविणारीं यंत्रें वापरण्यांत आलीं. जी सोय एका वर्षानें होऊं शकली, ती आधींही होऊं शकली असती. या एका गोष्टीवरून 'दैव' या शब्दाचा खरा उपयोग कोणास होतो हें उघड होतें: ज्यांनीं रस्ता निवडला, वळण ठेविलें, कडेला गादी बांधली नाहीं किंवा पहारेकरी उभा केला नाहीं, त्यांस तो शब्द फार सोयीचा असतो.

एवंच, वळणावरील अपघाताकडे पाहण्याच्या दोन दृष्टि आहेत, आणि दोन्ही आवश्यक आहेत. जें टाळतां येण्यासारखें होतें, त्यास दैव म्हणूं नये. तेथें जाब विचारावा. आणि जें टाळतां येण्यासारखें नव्हतें, त्यासही दैव म्हणून कथा तेथेंच संपवूं नये; त्यापुढें त्या व्यक्तीनें काय केलें तें पाहावें. २०२५ च्या टूरमध्यें फ्रान्सची पोलीन फेराँ-प्रेव्हो पहिली आली, व्होलरिंग दुसरी व न्येव्यादोमा तिसरी. आदल्या वर्षींचे ते चार सेकंद त्यानें पुसले गेले नाहींत. परंतु दोघीही पुन्हां रस्त्यावर होत्या, पुन्हां त्याच वेगानें वळणें घेत होत्या. आमनेविलच्या एका वळणानें जिला खालीं पाडलें, तीच तीन दिवसांनीं आल्प द्युएझचीं एकवीस वळणें सर्वांच्या आधीं चढून गेली होती. आमच्या मतें या कथेचा मजकूर हा आहे. चार सेकंद ही तिच्या शेवटचीं केवळ तारीख होय.